पडद्यावरचे छिद्र

श्रावण महिना सुरू होता. मोर्णा नदीला नुकताच पूर येऊन गेला होता. अकोल्याच्या जुन्या शहरातील एका माडीच्या घरात चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक आपल्या नातवासह राहत असत. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती, तरी त्यांचा एक नेम कधी चुकला नव्हता. श्रावणातील शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला कावडी येतात. गांधीग्रामजवळ पूर्णा नदीचे पाणी भरून, रात्रभर अनवाणी चालून, शेकडो लोक ते पाणी खांद्यावरून अकोल्यात आणतात. त्या दिवशी गुरुजी पहाटेच घराबाहेर पडत आणि आपल्या जुन्या फिल्म-कॅमेऱ्याने त्या लोकांची छायाचित्रे काढीत. एका सोमवारी एकच रीळ. एका रिळात छत्तीस चित्रे. त्याहून एकही अधिक नाही.

माडीवरच्या लाकडी पेटीत त्या सर्व वर्षांच्या निगेटिव्ह कागदी पाकिटांत नीट लावून ठेवलेल्या होत्या. प्रत्येक पाकिटावर साल लिहिलेले होते. आळीतील एखाद्या घरचे वडील माणूस निवर्तले, की त्या घरचे कोणीतरी जिना चढून येई व विचारी, “गुरुजी, आमच्या आबांचा कावडीसोबतचा फोटो निघेल का?” गुरुजी पेटी उघडीत, निगेटिव्ह उजेडासमोर धरून पाहत आणि बहुधा तो फोटो सापडे. अशी ती पेटी एकट्या गुरुजींची न राहता साऱ्या आळीची झाली होती.

गुरुवारी सकाळी गुरुजींनी कॅमेरा कपाटातून काढला. रीळ भरण्यापूर्वी तो एकदा तपासून पाहावा म्हणून त्यांनी कळ दाबली. नेहमीचा ‘खट्’ असा स्वच्छ आवाज आला नाही. त्यांनी पाठ उघडली, तो आतील काळा पडदा अर्ध्यावरच अडकलेला दिसला.

“कापड म्हातारे झाले,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “त्याने तरी किती वर्षे पळावे!”

सातवीत शिकणारा नातू दारापाशी उभा होता. तो काहीच बोलला नाही. त्याचे तोंड मात्र एकाएकी कोरडे पडले.

कारण, कापड म्हातारे झाले नव्हते. दोन दिवसांपूर्वी, दुपारी गुरुजी झोपले असताना, त्याने तो कॅमेरा हळूच काढला होता. कॅमेऱ्याच्या आत काय असते, एवढेच त्याला पाहायचे होते. पाठ उघडताच समोर काळ्या कापडाचा एक ताणलेला पडदा दिसला. त्याच्या मागे काय दडले आहे हे पाहण्यासाठी त्याने पेन्सिलीचे टोक पडद्याला लावले. बारीकसा आवाज झाला. घाबरून त्याने कळ दाबली; पडदा निम्म्यावर जाऊन थांबला. मग त्याने पाठ मिटली, कॅमेरा होता तसा पिशवीत घातला आणि कपाटात ठेवून दिला. तेव्हापासून त्याचे लक्ष ना खेळात लागत होते, ना जेवणात.

त्या दिवशी गुरुजी व नातू टिळक रोडवर आणि गांधी रोडवर फिरले. एके काळी तेथील फोटोच्या दुकानांत काचेआड कॅमेरे मांडलेले असत. आता तेथे मोबाइल, त्यांची आवरणे आणि रंगीत छपाईची यंत्रे होती. दुकानदार आदराने बोलत, गुरुजींना खुर्ची देत. पण फिल्मचा कॅमेरा म्हटला की हसून मान हलवीत. एक तरुण दुकानदार म्हणाला, “गुरुजी, तुमच्या नातवाच्या हाती मोबाइल द्या. हजार फोटो काढील.”

“काढील, आणि चांगलेही काढील,” गुरुजी म्हणाले. “त्यात खोटे काहीच नाही. पण हजार काढायचे असले म्हणजे माणूस पाहत नाही, नुसता काढीत सुटतो. छत्तीसच काढायचे असले, की आधी पाहावे लागते.”

घरी परतताना नातवाने विचारले, “आजोबा, असे कॅमेरे कारखान्यात आता होतच नाहीत का?”

“फारच थोडे,” गुरुजी म्हणाले. मग त्यांनी त्याला सारी हकीकत सांगितली. अमेरिकेतील कोडॅक या फिल्म बनविणाऱ्या प्रसिद्ध कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाचा एक तरुण अभियंता होता. त्याने 1975 साली फिल्मवाचून चित्र टिपणारा कॅमेरा तयार केला. त्या वेळी ते एक अवजड खोके होते. परंतु त्याच्याच वंशातील लहान लहान कॅमेऱ्यांनी पुढे फिल्मची बाजारपेठ जिंकून घेतली. इतकी की, 2012 साली खुद्द कोडॅक कंपनीला दिवाळखोरीतील संरक्षणासाठी न्यायालयात जावे लागले. जपानमधील कॅनन कंपनीने आपल्या शेवटच्या फिल्म-कॅमेऱ्याची विक्री 2018 साली थांबवली. भारत सरकारने 1960 साली उदकमंडलम येथे फिल्म बनविण्याचा मोठा कारखाना स्थापन केला होता. ‘इंदू’ नावाची त्याची फिल्म देशभर जाई. तोही पुढे बंद पडला. फिल्म मात्र अजून नाहीशी झालेली नाही. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये ती आजही तयार होते. 2024 साली तर पेंटॅक्स या नावाने फिल्मचा एक नवा कॅमेराही निघाला.

“मग तो घेऊ या ना!” नातू म्हणाला.

“निवृत्तिवेतनातून? आणि सोमवारच्या आत?” गुरुजी हसले. “अमरावतीला एक जुने मिस्त्री आहेत. उद्या त्यांच्याकडे जाऊ. तेथे नाही मिळाला, तर यंदाचे पाकीट रिकामे राहील.”

‘यंदाचे पाकीट रिकामे राहील’ हे शब्द नातवाच्या कानांत रात्रभर घुमत राहिले.

शुक्रवारी सकाळी दोघे आगगाडीत बसले. दोन्ही बाजूंना काळ्या मातीत कपाशीची व तुरीची हिरवीगार शेते पसरली होती. मूर्तिजापूर स्टेशन आले, तेव्हा गुरुजींनी बोटाने दाखविले, “येथून अचलपूरला आणि यवतमाळला शकुंतला नावाची छोटी गाडी सुटे. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी ती घातली होती. आता ती बंद पडली आहे.”

गाडी बडनेऱ्याकडे निघाली. नातू खिडकीबाहेर पाहत गप्प बसला होता. त्याला बोलते करावे म्हणून गुरुजी म्हणाले, “तुला बाबूराव पेंटर ठाऊक आहेत का?”

नातवाने नकारार्थी मान हलविली.

“दादासाहेब फाळके 1912 साली लंडनला गेले आणि तेथून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन आले. त्या कॅमेऱ्याने त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. तो 1913 साली मुंबईत लागला. त्या चित्रपटाने कोल्हापूरचे दोन चुलतभाऊ भारून गेले. एक आनंदराव, दुसरे बाबूराव. आडनाव मेस्त्री, पण नाटकांचे पडदे इतके सुंदर रंगवीत की लोक त्यांना पेंटरच म्हणू लागले. आपणही चित्रपट काढावा असे त्यांच्या मनाने घेतले. पण कॅमेरा कोठून आणायचा? तेव्हा त्यांनी ठरविले, कॅमेरा आपणच बनवायचा.”

“बनवायचा?” नातवाने प्रथमच मान वर केली.

“होय. आधी त्यांनी चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला. चित्रपट दाखविणारे यंत्र आणि चित्रपट टिपणारे यंत्र ही भावंडेच म्हणावयाची. दोहोंतही फिल्म एकेक चित्रापुरती पुढे सरकते, क्षणभर थांबते, पुन्हा सरकते. त्या थांबण्यातच सारी किमया आहे. दोघे भाऊ त्या खटपटीत असतानाच 1916 साली आनंदराव वारले. हातातील काम अर्धे, आणि सोबतीचा भाऊ गेलेला. दुसरा एखादा खचून गेला असता. परंतु बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेतले, आणि 1918 साली त्यांचा कॅमेरा चालू झाला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा पहिला चित्रपट 1920 साली पुण्यात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.”

“त्यांनी यंत्रे उघडून पाहिली असतील?” नातवाने हळूच विचारले.

“उघडल्यावाचून यंत्र कळते का?” गुरुजी म्हणाले.

नातवाच्या ओठांवर काहीतरी आले होते. पण तेवढ्यात बडनेरा आले, गाडीत गर्दी उसळली, आणि ते शब्द तेथेच राहिले.

अमरावतीच्या जुन्या परकोटात, जवाहर गेटच्या आत, एका अरुंद गल्लीत मिस्त्रींचे दुकान होते. दुकान कसले, एक लांबट खोली! भिंतीला काचेची कपाटे, आणि कपाटांत घड्याळे, दुर्बिणी, रेडिओ व कॅमेरे यांची दाटी. मिस्त्रींनी डोळ्याला भिंग लावले, कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि तो दिव्याखाली धरला.

“हे पाहा, बाळ,” ते नातवाला म्हणाले, “यात एक नव्हे, दोन पडदे असतात. कळ दाबली की पहिला पडदा धावतो आणि फिल्मवर उजेड पडू लागतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा धावतो आणि उजेड झाकून टाकतो. दोघांच्या मध्ये जेवढी फट, तेवढाच उजेड फिल्मला मिळतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढ्या वेळात हे काम होते. म्हणून कापड पातळ हवे, पण उजेड न गळणारे हवे. त्याला टाचणीएवढे भोक पडले तरी प्रत्येक फोटोवर डाग उमटतो.”

बोलता बोलता ते थांबले. त्यांनी कॅमेरा डोळ्याच्या आणखी जवळ नेला.

“गुरुजी, तुम्ही म्हणालात की कापड जुने झाले. जुने कापड कडेला, शिवणीपाशी फाटते. हे मधोमध फाटले आहे. भोक गोल आहे, आणि त्याच्या कडेला काहीतरी चकाकते आहे.” त्यांनी एका सुईने ती कड हलकेच पुसली आणि सुई पांढऱ्या कागदावर टेकविली. कागदावर एक करडी रेघ उमटली. “हे शिसे आहे. पेन्सिलीचे शिसे.”

खोलीत घड्याळांची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. गुरुजी काहीच बोलले नाहीत. मिस्त्रीही काही बोलले नाहीत. ते आपली सुई पुसू लागले.

“आजोबा,” नातू म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. “ते मी केले. मंगळवारी दुपारी. पडद्यामागे काय आहे, ते मला पाहायचे होते.”

आता आजोबा रागावतील, निदान मान फिरवितील, असे त्याला वाटले. गुरुजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

“मग काय होते पडद्यामागे?” त्यांनी विचारले.

नातू गोंधळला. “मी पाहिलेच नाही. भीती वाटली.”

“हेच तर नुकसान झाले,” गुरुजी म्हणाले. “कॅमेरा उघडलास, त्यात मी तुला दोष देत नाही. मला विचारून उघडायला हवा होतास, एवढेच. पण मोडलेली वस्तू झाकून ठेवलीस, त्यामुळे तुला त्यातले काही कळले नाही, आणि मलाही कळले नाही. मी काल दिवसभर त्या बिचाऱ्या कापडाला बोल लावीत हिंडलो. पेंटरांचे यंत्र पहिल्याच दिवशी का चालले असेल? पण मोडलेला भाग त्यांनी कपाटात लपविला असता, तर तो कधीच चालला नसता.”

नातवाच्या डोळ्यांत पाणी आले. परंतु त्याबरोबरच तीन दिवसांपासून छातीवर असलेला दगड उतरल्यासारखे त्याला वाटले.

“पडदा नवा बसविता येईल का?” गुरुजींनी मिस्त्रींना विचारले.

“येईल. पण तसे कापड मागवावे लागेल, त्याचा ताण जुळवावा लागेल. महिना तरी जाईल. तुम्हाला हवा सोमवारी.” मिस्त्री उठले. त्यांनी कोपऱ्यातील कपाटातून एक जडसा कॅमेरा काढून समोर ठेवला. “हा झेनिट. रशियातील क्रास्नोगोर्स्क येथे झालेला. याचे पडदे उत्तम आहेत. पण याचे भिंग पाहा.”

भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू पसरले होते. “ही बुरशी. कॅमेरा बरीच वर्षे पावसाळ्यात बंद पिशवीत राहिला, की ओल धरतो आणि भिंगावर बुरशी चढते. याचे भिंग गेले आहे, अंग चांगले आहे.”

“आणि आमच्या कॅमेऱ्याचे अंग गेले आहे, भिंग चांगले आहे!” नातू एकदम बोलून गेला.

मिस्त्री हसले. “पण तुमचा कॅमेरा जर्मन, हा रशियन. एकाचे भिंग दुसऱ्याला कसे बसेल?”

नातवाने दोन्ही कॅमेरे निरखून पाहिले. मग त्याने मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी मान डोलावताच त्याने जर्मन कॅमेऱ्याचे भिंग डावीकडे फिरविले. ते आट्यांवरून सुटून हातात आले. रशियन कॅमेऱ्याचेही भिंग तसेच सुटले. त्याने दोन्हींच्या आट्यांचे तोंड एकमेकांशी लावून पाहिले. ते तंतोतंत सारखे होते.

“शाबास!” मिस्त्री म्हणाले. “हे आटे बेचाळीस मिलिमीटर व्यासाचे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हे माप निघाले. पुढे रशियाने ते घेतले, जपाननेही घेतले. प्रत्येकाचा कॅमेरा निराळा; पण भिंगाचे आटे एका मापाचे. म्हणून आज ड्रेस्डेनचे भिंग मॉस्कोजवळच्या कॅमेऱ्यावर चढते, आणि तेही अमरावतीत!”

गुरुजींचे भिंग झेनिटवर चढले. मिस्त्रींनी पाठ उघडी ठेवून कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरला आणि नातवाला आतून पाहावयास सांगितले. कळ दाबताच ‘खट्’ असा आवाज झाला, आणि नातवाच्या डोळ्यांसमोर उजेडाचा एक चौकोन क्षणभर लख्ख चमकून गेला. पडद्यामागे काय असते ते त्याला या वेळी दिसले.

मिस्त्रींनी बेताचेच पैसे सांगितले. गुरुजींनी ते मोजून दिले. मोडका कॅमेरा मिस्त्रींनी परत केला, तेव्हा गुरुजींनी तो नातवाच्या हाती ठेवला.

“हा आता तुझा. घरी गेल्यावर पुरता उघडून पाहा. प्रत्येक भाग कागदावर काढ, त्याखाली त्याचे काम लिही. मात्र उघडायचा तो दिवसाउजेडी, माझ्यासमोर.”

सोमवारी पहाटे पावसाची बारीक भुरभुर चालू होती. ढोलताशांच्या गजरात कावडी शहरात शिरल्या. भिजलेले खांदे, चिखलाने माखलेले पाय, डोळ्यांत जागरण, आणि तरीही चेहऱ्यांवर हसू! गुरुजी घाई करीत नव्हते. ते बराच वेळ पाहत, मग एकदा कळ दाबीत. नातू छत्री धरून उभा होता आणि मनातल्या मनात आकडा मोजीत होता. पस्तिसावे चित्र झाले, तेव्हा गुरुजींनी कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला.

“एक उरले आहे,” ते म्हणाले. “घाई करू नकोस.”

नातवाने एक कावड जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. मग एक म्हातारा दिसला. त्याच्या खांद्यावरील कावडीची दांडी त्याचा मुलगा आपल्या खांद्यावर घेत होता. दोघांचेही हात क्षणभर त्याच दांडीवर होते. नातवाने श्वास रोखला आणि कळ दाबली.

दोन दिवसांनी, अंधाऱ्या न्हाणीघरात औषधाच्या पाण्यातून फिल्म निघाली. उजेडाची जागा तिच्यावर काळी आणि काळोखाची जागा पांढरी उमटली होती. छत्तिसाव्या चित्रावर कोठेही डाग नव्हता. फिल्म वाळल्यावर गुरुजींनी ती कापून पाकिटात भरली, पाकिटावर साल लिहिले, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ घातली :

‘छत्तिसावे चित्र नातवाने काढले.’

मग ते पाकीट त्यांनी नातवाच्या हाती दिले आणि पेटीत ठेवावयास सांगितले.

स्वाध्याय

1. गुरुजींची पेटी साऱ्या आळीची झाली होती, असे का म्हटले आहे?
2. पडदा जुना होऊन फाटला नाही, हे मिस्त्रींनी कशावरून ओळखले?
3. दोन निकामी कॅमेऱ्यांतून एक चालू कॅमेरा कसा तयार झाला?
4. ‘हेच तर नुकसान झाले,’ या गुरुजींच्या उद्गाराचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
5. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू वडीलधाऱ्यांच्या परवानगीने नीट पाहा. तिच्या भागांची चित्रे काढून प्रत्येकाचे काम लिहा.